सीताफळाला राब

आज सकाळी धाकटीची नाळ पडली. अकरावा दिवस. आत्याबाईंनी अंघोळीला म्हणून लंगोट सोडला तर लंगोटातच होती, सुकलेली, काळी, मनुक्याएवढी, आणि मी बाजेवरनं एवढ्या जोरात ओरडले, "रक्त आलं का? बघा ना, रक्त आलं का?" की धाकटी दचकून रडायला लागली.

"काय नाय आलं. तुझाच जीव घशात आला तेवढा," आत्याबाई म्हणाल्या.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्यात सासूला आत्याबाईच म्हणतात. त्यांनी ती नाळ चिंधीत गुंडाळली, कुंकवाच्या रिकाम्या डबीत घातली, डबी फळीवर ठेवली आणि जाता जाता म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत सांग मला, कुठल्या झाडाखाली पुरायची ते. मी आता माझ्या मनानं पुरायची नाय बाई. मागच्या वेळेला बघितलंय काय झालं."

मागच्या वेळेला. तेवढं ऐकलं आणि मी बाहेर बघितलं, कारण बाजेवर पडल्या पडल्या मला दारातनं नेमकं तेच झाड दिसतं. सीताफळाचं. परत माघ आलाय, परत त्याची पानगळ लागलीये. सीताफळ घाईनं पानं गाळत नाय. एक पान पडतं, मग थांबतं, कुणाला तरी विचारून आल्यासारखं, मग दुसरं. पिवळं पान, कडेला तपकिरी, पडता पडता उलटं होतं आणि मागची फिकी बाजू दाखवतं. त्या झाडाच्या खोडाची एक बाजू अजून काळी हाय. ओवी, माझी थोरली, साडेतीन वर्षांची, ती त्या काळ्यावर बोट घासते आणि कपाळाला टिळा लावून घेते. तिला काय माहीत, ते काळं तिच्या आईनं केलंय.

सांगतेच आता सगळं. धाकटी झोपलीये, शेगडीत ओवा टाकलाय त्याचा धूर घरभर झालाय, मला नुसतं पडून राहायला सांगितलंय, आणि पडून राहिलं की मला भीती वाटते. लिहिलं की जरा कमी वाटते.

माझं माहेर इगतपुरीच्या वरच्या अंगाला, डोंगरात. तिथला पाऊस म्हणजे काय ते नाशकातल्या माणसाला सांगून कळत नाय. चार महिने भिंतीसुद्धा घामेजलेल्या असतात, अंथरूण वाळत नाय, आणि जमिनीतलं जे काय चांगलं असेल ते पाणी ओढून खाली घेऊन जातं, वर राहतो खडक आणि आम्ही. म्हणून आमच्याकडं राब देतात. माघ-फाल्गुनात बाया रानात जातात, ऐनाचा, सागाचा, पळसाचा पाचोळा गोळा करतात, बारक्या फांद्या तोडतात, आणि डोक्यावर एवढा मोठा भारा घेऊन उतरतात की मागनं बघितलं तर झुडूपच चालत चाललंय असं वाटतं, नुसत्या पोटऱ्या दिसतात. जिथं भाताचं रोप टाकायचं तेवढ्या तुकड्यावर आधी शेण पसरायचं, वर फांद्या, वर पाचोळा, वर गवत, आणि सगळ्यात वर बारीक माती, म्हणजे भडकत नाय, धुमसत राहतं. मग वाऱ्याच्या उलट्या अंगानं पेटवायचं. दुसऱ्या दिवशी त्या राखेत पाय टाकला की खालनं ऊब लागते, आईच्या कुशीत पाय खुपसल्यासारखी. मग पावसाच्या तोंडावर त्या राखेत बी फेकायचं, आणि जे रोप उगवतं ना, ते साधं हिरवं नसतं, काळंशार हिरवं असतं. "राब दिला की रोप हसतं," असं आई म्हणायची. मी लहानपणापासनं तेच बघितलं, तेच ऐकलं. माझ्या डोक्यात ते एवढं घट्ट बसलं की जीव धरत नसलेलं काहीही दिसलं की मला वाटायचं, ह्याला राब पाहिजे.

शाळेत नववीला एक चित्र होतं. झाड, त्याच्याखाली पानं, पानाखाली माती, मातीत गांडूळ, परत मूळ, परत झाड, आणि सगळ्यांना जोडणारे बाण, गोल. सरांनी विचारलं होतं, "विघटक म्हणजे कोण?" मी म्हणलं, "कुजवणारे." तर पोरं हसली, पण सर म्हणाले बरोबर हाय. नंतर माझी शाळा सुटली, लग्न ठरलं. ते चित्र मात्र मी वहीत काढलेलं चांगलं आलं होतं. त्या चित्रात बाण होते, पण वास नव्हता. किती दिवस लागतात तेही नव्हतं. बाण काय, पेन्सिल एकदा फिरवली की झालं.

लग्न होऊन आले ती शहराच्या कडेला. आमचं रान तसं थोडं, पण काळं, पाण्याचं. झेंडू, शेवंती, मेथी, शेपू, कोथिंबीर. इथं राब कुणाला माहीतच नाय. इथं खड्डा. घराच्या मागं, गोठ्याला लागून, माझ्या गळ्याएवढा खोल, आणि आत्याबाईंचा त्या खड्ड्यावर एवढा जीव की मला पहिल्यांदा हसूच यायचं. सकाळी त्या फुलं घेऊन गंगापूर रोडला बसतात. बारा वाजता येतात तर जाताना एक पाटी आणि येताना दोन गोण्या. न खपलेली फुलं, मेथीचे देठ, शेजारच्या भाजीवालीचा कोबीचा पाला, आणि निर्माल्य. गिऱ्हाइकं ताजी फुलं घेतात आणि जुनी, देवावरनं काढलेली, सुकलेली, पिशवीत आणून देतात, "मावशी, पायदळी नको यायला, तुम्हीच न्या." आणि आत्याबाई आणतात. ओवीचे पप्पा वैतागायचे.

"आये, घंटागाडीत टाकायचं ना ते! अख्ख्या नाशकाचे देव आपल्याच टेम्पोत बसवून आणतेस."

"घंटागाडीला काय कमी पडलंय? माझ्या मातीनं दिलंय ते. तिचं तिला नको का द्यायला?"

"तिनं मागितलंय का?"

"तू मागतोस का मला जेवायला? मी देतेच ना?"

ते टेम्पो लावायला निघून जायचे. आत्याबाई गोणी खड्ड्यात ओतायच्या, वर शेण, वर गोठ्यातला ओला भुसा, वर दोन पाट्या माती, आणि पाय झाडून घरात यायच्या. मला तेव्हा वाटायचं, हे नुसतं पडून कुजतंय, ह्याला कोण पेटवत का नाय?

ओवी श्रावणात झाली. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, पण घाटात दरड कोसळली, रस्ता बंद, आत्याबाई म्हणाल्या, "अशा रस्त्यानं मी पोरीला पाठवायची नाय." मग आईच आली, पंधरा दिवस राहिली आणि लावणी खोळंबली म्हणून परत गेली. ती गेली आणि मला कसं एकदम उघड्यावर पडल्यासारखं झालं. ओवी लहानच होती अंगानं, कोंबडीच्या पिल्लागत, छातीच्या फासळ्या मोजता यायच्या. तिची नाळ पडली तेव्हा आत्याबाईंनी हळदकुंकू लावून ती त्या सीताफळाखाली पुरली. ते झाड कुणी लावलेलं नव्हतं, कुणीतरी बी थुंकलं असेल, धुण्याच्या दगडापाशी आपलं आपण आलं होतं, माझ्या खांद्याएवढं झालेलं.

"घे. हे आता ओवीचं झाड," त्या म्हणाल्या. सहज म्हणाल्या. पण मी ते सहज नाय घेतलं.

तेव्हापासनं सकाळी उठलं की मी आधी पोरीला बघायची आणि मग झाडाला. पोरीनं दूध टाकलं की झाडाची पानं मोजायला जायची. झाडाला कीड दिसली की पोरीचं अंग तपासायची. कुणाला बोलले नाय. बोलले असते तर हसले असते, आणि हसले असते तर बरंच झालं असतं.

मग माघ आला. ओवी सहा महिन्यांची. अंगणवाडीत महिन्याच्या महिन्याला वजन करतात, झोळीच्या काट्याला पोराला लटकवतात, आणि ताई कार्डावर टिंब काढते. कार्डावर हिरवा पट्टा, त्याच्या खाली पिवळा, त्याच्या खाली लाल. ओवीचं टिंब हिरव्यात होतं पण अगदी खालच्या कडेला, बांधावर चाललेल्या माणसासारखं. त्या महिन्यात ताईनं टिंब काढलं आणि पेनाचं टोक तिथंच ठेवून थांबली. "पाच किलो सातशे. पिवळ्यात लागली गं," ती म्हणाली. "घाबरू नको. आता वरचं सुरू कर, पेज दे, वरणाचं पाणी दे." घाबरू नको म्हणलं की माणूस घाबरतंच. मी घरी आले तर सीताफळाची पानं पिवळी. अर्धी खाली पडलेली.

मला काय माहीत नव्हतं का सीताफळ माघात पानं गाळतं? डोंगरातली मी, सीताफळाच्या जाळ्यांत लपाछपी खेळलेली मी. माहीत होतं. पण भीतीला काय माहीत असतं? मला दिसलं ते एवढंच, कार्ड पिवळं, झाड पिवळं.

आणि माझ्या डोक्यात आलं, राब.

आत्याबाई गंगापूर रोडला गेलेल्या. ओवीचे पप्पा रानाच्या खालच्या टोकाला पाणी भरत होते. ओवी झोळीत झोपलेली. मी आईसारखा पदर खोचला आणि झाडाच्या बुडापासनं हातभर जागा सोडून गोल पसरत गेले. आधी शेण, मग तुरीच्या काड्या, मग त्याचीच पडलेली सगळी पानं, एकूण एक वेचून, मग वाळलेलं गवत, वर चाळलेली माती. एवढं मन लावून मी देवघर पण सारवलं नव्हतं कधी. हाताला सगळं आठवत होतं. मला एकदम बरं वाटलं, आई शेजारी असल्यासारखं. वाऱ्याचा अंदाज घेतला आणि उलट्या अंगानं काडी लावली.

पहिल्यांदा धुमसलं तसं धुमसलं. मग इथला वारा, तो काय डोंगरातला वारा नाय, तो गोठ्यावरनं आला, घराला आपटला आणि मागं फिरला. माती पातळ पडली असेल एका बाजूला. एकदम भडका झाला आणि खोडाला भिडला. चर्र असा आवाज आला, ओल्या लाकडाचा, आणि मी बघितलं, जमिनीतनं मुंग्या बाहेर पडत होत्या, शेकड्यानं, आणि प्रत्येकीच्या तोंडात एक पांढरं अंडं. त्या पळत होत्या पण अंडं सोडत नव्हत्या. मी धुण्याची बादली उचलून ओतली, दुसरी ओतली, वाफ तोंडावर आली, ओवी जागी होऊन रडायला लागली, आणि मला हलता येईना. मी आधी पोरीला घेऊ का झाडाकडं बघू तेच कळेना. शेवटी तिला घेतलं, छातीशी धरलं, आणि तिथंच चिखलात बसले. खोडाची एक बाजू वरपर्यंत काळी झाली होती. खालची माती भाजलेली, विटेसारखी.

माझ्या पोरीची नाळ तिथं होती. आणि मी तिच्यावर आग ठेवली होती.

आत्याबाई आल्या तर नाकानंच ओळखलं. "कशाचा वास येतोय गं?"

"कचरा पेटवला जरा."

"एवढा खड्डा असताना?" त्या बोलल्या, पण उन्हातनं आलेल्या, पाणी प्यायल्या आणि आडव्या झाल्या. मी राख खरवडून वर ओली माती थापून ठेवली होती, काळी बाजू भिंतीकडं होती, येताजाता दिसत नव्हती.

त्या दिवसापासनं घास गिळेना. भाकरी तोंडात फिरायची आणि तिथंच राहायची. आत्याबाई मला आधी वाढायच्या, मी त्या उठल्या की भाकरी म्हशीच्या पाटीत टाकायची. दूध आटलं. ओवी ओढायची, सोडायची, माझ्याकडं बघायची आणि रडायची, आणि मला वाटायचं, झालं, लागली आग. शेजारच्या मळ्यातली होळी झाली तर मी त्या दिवशी दार लावून घेतलं. पुढच्या महिन्याला ताईनं परत लटकवलं. पाच सातशे. महिनाभरात एक दाणा वाढली नव्हती. टिंब पिवळ्यात आणखी आत गेलं.

"तू जेवतेस का?" ताईनं विचारलं.

"जेवते ना."

"खरं सांग."

मी कार्ड ओढून घेतलं आणि घरी पळाले. आत्याबाई नुकत्याच येऊन गोण्या उतरवत होत्या. मी त्यांच्या पायाशीच बसले, ओवीला त्यांच्या मांडीवर ठेवली आणि सगळं सांगितलं. राब, आग, मुंग्या, भाकरी, म्हैस. म्हणलं, "मी तिची नाळ जाळली आत्याबाई, आता ती जगायची नाय."

त्या उठल्या, झाडाच्या मागं जाऊन भिंतीकडची बाजू बघितली. वाकून माती उकरली. मला वाटलं, आता हात उगारतील. पण त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होत्या बाई.

"अगं ये डोंगरातले! सीताफळाला राब? त्याच्या बुडात काय भात लावणार व्हतीस?"

"आत्याबाई, नाळ होती तिथं."

"नाळ? कवाची नाळ? श्रावणातली? पोरी, ती आठ दिसात संपली. मातीत जे बसलेत ते काय तुझ्यासारखे उपाशी बसतेत व्हय? किडे, मुंग्या, बुरशी. खाऊन, पचवून मोकळे झाले. मूळ वाट बघत व्हतं, ते प्यालं. त्याची पानं झाली. दिवाळीच्या सुमाराला त्यातली थोडी गळली ती कुणी झाडून नेली? मी. कुठं टाकली? खड्ड्यात. खड्ड्यातलं खत संक्रांतीच्या आधी कशाला घातलं? मेथीला. आणि ती मेथी मी तुला रोज करून घालते," इथं त्या थांबल्या, आणि पहिल्यांदा रागावल्या, "ती तू म्हशीला घालतीस. लेकरापाशी चाललेलं तू मधीच अडवलंस बघ."

मी रडत होते. त्यांनी ओवीला काखेत मारलं, माझं मनगट धरलं आणि खड्ड्यापाशी नेलं. फावड्यानं वरची माती बाजूला केली. "घाल हात."

"नको."

"घाल म्हणते ना."

मी कोपरापर्यंत हात घातला आणि दचकून काढला. गरम होतं! कुठं काडी नाय, धूर नाय, आणि आत ऊब, ताप आलेल्या पोराच्या पोटासारखी. परत घातला. वर झेंडू झेंडू म्हणून ओळखू येत होता, थोडं खाली नुसता त्याचा रंग राहिला होता, त्याच्याखाली रंग पण गेलेला, आणि अजून खालनं मूठ काढली तर काळं, मोकळं, आणि वास कसला म्हणावं? सडका नाय. पावसाळ्यात आमच्या रानात ऐनाच्या झाडाखाली बसलं की येतो तसा. अख्ख्या नाशकातल्या देवांचे हार त्या मुठीत होते आणि एक पाकळी ओळखू येत नव्हती. मुठीत एक गांडूळ वळवळलं, ओवीनं ते बघितलं आणि हसली. दात नसलेलं, मोठ्ठं.

"ह्यो पण राबच हाय," आत्याबाई म्हणाल्या. "पर ह्याला काडी लागत नाय. ह्याला दम लागतो. आणि तुला तोच नाय."

त्या दिवशी दुपारी मी आईला फोन लावला. मला वाटलं ती तरी रडेल माझ्यासंगट. तर ती म्हणाली, "मने, राब कशाला देतो आपण? रोपाला. आणि रोप तिथं राहतं का? महिन्यात उपटून दुसरीकडं लावतो. घाईचं असतं ते. जे उपटून न्यायचं त्याला राब, बाय. जे तिथंच राहायचं त्याला पाचोळा. आंब्याखालचा पाचोळा मी कधी उचलू दिला का तुला?"

नव्हता दिला. आंब्याखालचा उचलला की ती हातावर मारायची. मी मार लक्षात ठेवला आणि का मारलं ते विसरले.

चार दिवसांनी गावचा एकजण येणार होता, त्याच्यासंगट तिनं नागली, म्हणजे नाचणी, पाठवली. राबात वाढलेल्या रोपाची, आमच्याच वरकस, डोंगरउताराच्या जमिनीतली. आत्याबाईंनी ती भिजवली, मोड आणले, वाळवून दळली आणि तिची पेज केली, वाटीत, चमच्यानं. ओवीनं पहिला चमचा थुंकला, दुसरा गालात धरला, तिसरा गिळला. मी बघत होते आणि मला आईच्या पोटऱ्या दिसत होत्या, भाऱ्याखालच्या. राब शेवटी पोहोचलाच की तिच्यापर्यंत. मी घाई केली, तो आपल्या वाटेनं आला.

आणि मी जेवले. आत्याबाई समोर बसायच्या, तोंडात घास जाईपर्यंत नजर हलवायच्या नाय. बाजरीची भाकरी, मेथी, शेपू, खारकेचे लाडू. "पोरीला वाढवायचंय ना? मग तू खा. झाडाच्या बुडात घालतो का शेंड्यावर घालतो आपण?" दूध परत आलं. पहिल्यांदा ठिबकून पोलकं भिजलं तेव्हा मी लाजले नाय, नुसती बघत बसले.

झाडाचं काय केलं? काय नाय केलं. भाजलेली माती आत्याबाईंनी उकलून सैल केली, वर खड्ड्यातल्या चार पाट्या टाकल्या, वर उसाचं पाचट आणि लिंबाची पडलेली पानं पसरली, हाताएवढा जाड थर, आणि मला सांगितलं, "आता इकडं यायचं नाय. रोज उकरून बघितलं तर जिवंत माणूस पण मरंल." चैत्र लागला. शेजारच्या मळ्यातल्या सीताफळांना लालसर कोंब आले. माझं तसंच उभं, काळं, वाळक्या हातासारखं. आणि त्याच आठवड्यात ताईनं ओवीला झोळीत घातलं, काटा हलला, थांबला, आणि ताई म्हणाली, "सहा तीनशे! हिरव्याला टेकली गं बाई!"

मी कार्ड घेऊन घरी आले आणि झाडासमोर उभी राहिले. ते काळंच होतं. एक पान नाय. आणि माझी पोरगी काखेत, जड, माझा हात दुखेल एवढी जड. मला तिथं कळलं, कळलं म्हणजे डोक्याला नाय, अंगाला कळलं. झाड झाडाचं होतं आणि पोरगी पोरीची. मीच दोघांना एका दोरीला बांधून दोघांना ओढत होते.

मग वैशाखात ते पण फुटलं. जळक्या बाजूनं नाय, चांगल्या बाजूनं, आणि एक कोंब तर बुडातनं, पाचटातनं डोकं वर काढून. मुंग्या पण आल्या परत. त्याच का दुसऱ्या, मी काय विचारलं नाय.

तरी भीती गेली म्हणू का? नाय गेली. आता परत दारात माघ हाय. धाकटी ओवीपेक्षा थोडी जास्त भरली पण माझा डोळा तिच्या फासळ्यांवरच जातो. रात्रंदिवस तिच्या नाकापुढं बोट धरते, श्वास लागतो का बघायला. फळीवरच्या डबीकडं सकाळपासनं बघतेय. पेरूखाली पुरली आणि पेरूला मावा पडला तर? लिंबाखाली पुरली आणि रस्त्याच्या रुंदीकरणात लिंब गेला तर? सकाळपासनं अंगणातलं एक एक झाड मनातल्या मनात मारून झालं माझं.

आत्ता आत्याबाई आल्या. दोन गोण्या उतरवल्या, पाय धुतले, धाकटीचा वास घेतला आणि डबी हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या. ओवी त्यांच्या लुगड्याला धरून.

"हं. ठरलं का? कुठलं झाड?"

"झाड नको," मी म्हणलं. माझं मलाच कळलं नाय कधी ठरलं ते. "खड्ड्यात टाका."

आत्याबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "खड्ड्यात? नाळ? शेणाकचऱ्यात? अगं लोकं काय म्हणतेल? लेकीची नाळ खड्ड्यात टाकली म्हणतेल!"

"तुम्हीच म्हणलात ना, आठ दिसात संपते."

"मी काय, मी बोलून गेले. तू रडत व्हतीस म्हणून."

"मग खोटं होतं का ते?"

त्यांनी डबी ह्या हातातनं त्या हातात घेतली. "खोटं कसं आसंल," त्या हळूच म्हणाल्या. "पर माझ्या सासूनं मला झाडाखालीच पुरायला शिकवलं."

"एका झाडाला बांधली की मी रोज त्याला बघत बसेल आत्याबाई. मला माहीत हाय ना मी. खड्ड्यात टाका. तिथनं जाऊ दे कुठं जायचं तिथं."

"बाळाचं झाड कुठंय मग?" ओवीनं विचारलं. तिला तिच्या झाडाचा लय तोरा हाय.

"चल दाखवते," म्हणून आत्याबाई तिला घेऊन गेल्या. मला बाजेवरनं मागच्या दारातनं खड्ड्याचा एक कोपरा दिसतो. आत्याबाईंनी आधी पदर डोक्यावर घेतला. मग हळद सोडली, कुंकू सोडलं, आणि ती चिंधी आजच्याच निर्माल्यात, कुणाच्या तरी देवाच्या शेवंतीत ठेवली. ओवीनं वर मूठभर सीताफळाची पानं टाकली, तिच्या झाडाची, हट्टानं, स्वतः वेचलेली. फावड्यानं माती ओढली तशी खालनं थोडी वाफ आली आणि थंड हवेत विरली. मी डोळे मिटून घ्यायचं ठरवलं होतं. नाय मिटले.

आत्याबाईंनी तिथनंच हाक मारली, हात झटकत, "मने, आज मेथी करू का शेपू?"

"दोन्ही करा," मी म्हणलं. "लय भूक लागलीये."